पितळी कारभारी आणि माहुताची लेक

घंटा वाजली नाही, आणि हैबती माहुताची नोकरी गेली!

राजा प्रतापशीलाने परदेशी कारागिराकडून एक पितळी बाहुला घडवून घेतला होता. पूर्वी चाकरांची नेमणूक आणि बढती कारभारी ठरवत. आता तो अधिकार बाहुल्याकडे आला. त्याच्या काचेच्या डोळ्यांसमोर ज्याचे हात चालत, त्याच्यासाठी तो घंटा वाजवी. घंटा नाही, तर चाकरी नाही!

हैबतीची लेक येसू तडक दरबारात आली.

"महाराज, माहुताचे काम पायाच्या अंगठ्यांनी चालते. ते अंगठे हत्तीच्या कानांमागे झाकलेले. बाहुल्याला दिसणार कसे?"

"म्हणजे माझे यंत्र आंधळे?" राजा कडाडला. "अगं पोरी, तुझा बाप नुसता बसून असतो! मागे अंबारीत मीच तर असतो."

"बसण्याबसण्यात फरक असतो, महाराज."

"असे? मग यंत्राला नावे न ठेवता, तुझ्या बापाचे ते नुसते बसणेच मला हवे आहे, असे माझ्याच तोंडून वदवून दाखव! उद्या दसऱ्याची मिरवणूक निघेपर्यंत मुदत. नाही जमले, तर बापलेकीने राज्य सोडायचे!"

दरबार हसला. येसू एक पाऊल पुढे आली.

"मान्य! फक्त उद्याचा माहूत बाहुल्यानेच निवडावा."

"तोच निवडेल!"

सारे चाकर बाहुल्यासमोरून गेले. घंटा सर्वांत जास्त वेळ वाजली ती लखू चवरीवाल्यासाठी. त्याचा हात म्हणे झोपेतही थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी लखू हत्तीच्या मानेवर बसला आणि दोन्ही हात जोरजोराने हलवू लागला. हत्तीने कान फडकावले, सोंड उगारली. अंबारीची शिडी चढणारा राजा मध्येच थबकला.

"चढावे, महाराज!" येसू म्हणाली. "केवढा कामसू माहूत लाभला आहे!"

"लखू, थांबव ते हात!"

"हात थांबले तर नोकरी जाईल, सरकार!" लखू वरून ओरडला.

हत्ती गर्रकन वळला. शिडी डुगडुगली. राजाने खाली उडी टाकली.

"हैबतीला बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

"पण बाबा वर जाऊन करणार काय, महाराज?" येसूने अदबीने विचारले. "ते तर नुसते बसतात."

"तेच हवे आहे मला! नुसता बसू दे त्याला..."

राजाने जीभ चावली. येसूने मान लववली.

"यंत्राला मी नावे ठेवली का, महाराज?"

राजा इतका हसला, की त्याला मुकुट सावरावा लागला. हैबतीला हत्तीवरची जागा परत मिळाली, येसूला सोन्याचे कडे. आणि कोणत्या चाकराचे काय पाहायचे, हे त्या दिवसापासून पितळी बाहुल्याला माहुताची लेक शिकवू लागली!