शनीची ओळख

बारशाच्या संध्याकाळी गच्चीवर पत्रिका पाहून ज्योतिषीबुवा म्हणाले, "बाळावर शनीची नजर आहे. ग्रहशांती करा, नाहीतर खैर नाही." मी एवढी शिकलेली, तरी बाळाला घट्ट धरलं.

माझ्या आत्येसासूबाई कुमुदआत्या स्वतः आरसा घासून केलेल्या दुर्बिणीतून ग्रह बघतात. त्या म्हणाल्या, "बुवा, शनी आत्ता वर आलाय. दाखवा बरं कुठला तो!"

बुवांनी ऐटीत एका ठळक ताऱ्याकडे बोट केलं. तारा मोठा होत गेला, लुकलुकला आणि घरघरत विमानतळाकडे उतरला.

"तुम्हाला शनी ओळखता येईना," आत्या म्हणाल्या, "मग शनीला एवढ्या लांबून आमचं बाळ कसं ओळखू येणार?"

ग्रहशांती बारगळली. तरी मी हळूच बाळाला तीट लावलीच.

आत्यांनी पाहिलं. "लाव गं. शनीची नाही, पण बुवांची नजर लागली असेल!"