धूर निवळायच्या आत

सांगा बरं मंडळी, अनोळखी रानात तुमची वाट चुकली आणि समोर दोन माणसं भेटली. पहिला म्हणतो, "या माझ्यामागं, मी आजवर कधी चुकलो नाही." दुसरा म्हणतो, "परवा त्या वळणावर मी चुकलो होतो, तेवढं वळण सोडून जाऊ." तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल? उत्तराची घाई नाही. माल हातात घ्या, उजेडात धरा, मग बोला. तोवर ही गोष्ट ऐका.

फार मागं, इतकं मागं की ढगसुद्धा डोंगरावर मुक्कामाला येत आणि सकाळी उशिरापर्यंत उठत नसत, तेव्हा एका राज्यात एक खिंड होती. खिंडीत बारा महिने धुकं. व्यापाऱ्यांचे तांडे तिथून जात, तेव्हा बैल दिसायचे नाहीत, माणसं दिसायची नाहीत. नुसत्या घंटा एकामागं एक चालत जायच्या.

खिंडीत लुटारू होते, म्हणून राखण होती. ती वरच्या गावाकडे होती. वरचा गाव उघड्या कातळावर. तिथं पेरलं तर पाखरंही हसायची. पण राखणीच्या बदल्यात जाणारा प्रत्येक तांडा गावाला दोन पायल्या धान्य देई, आणि त्यावर सगळ्या गावाच्या चुली पेटत.

हा मान कायमचा नव्हता. दर तीन वर्षांनी राजाची आत्या पालखीतून येई. खिंडीच्या तोंडाशी शंभर पावलांवर एक लाकडी फळी उभी करत. तिच्यावर चुन्याचं वर्तुळ. वरच्या गावचा नेमबाज तीन बार उडवी, खालच्या गावचा तीन. जो सरस, त्याच्या गावाला राखण.

आता त्या मुलखाचा एक रिवाज होता, तो ध्यानात घ्या. ठासणीची बंदूक ती. बार उडाला की धुराचा लोट उठायचा, वर ते धुकं. फळी दिसेनाशी व्हायची. गोळी वर्तुळात बसो की बाहेर, आवाज सारखाच. तेव्हा धूर निवळायच्या आत नेमबाजानं स्वतः सांगायचं, गोळी कुठं बसली. मग एक माणूस धावत जाऊन बघून येई. पण 'चुकला' हा शब्द त्या मुलखात अशुभ मानत. बंदूक रुसते म्हणे. त्यामुळे गोळी फळीत जावो की आभाळात, सगळेच एका सुरात ओरडत, "लागला!" लग्नाच्या पंगतीत भात कच्चा असला तरी 'छान झालंय' म्हणतो ना आपण, तसंच ते.

वरच्या गावचा राखणदार चाळिशीचा होता. खांद्यानं रुंद, स्वभावानं शांत, आणि मनातून थोडासा फुशारलेला. महिन्याला तो पन्नास बार उडवायचा. गाव टाळ्या वाजवायचा.

मग एका वर्षी बंदुकीची दारू मिळेनाशी झाली. तिचा गंधक सात समुद्रांपलीकडून यायचा, तो यायचा थांबला. का थांबला, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, जहाजं वाट विसरली. बाजारात दारू पुड्यांत बांधून विकू लागले, केशरासारखी. एका बारामागं एक दुभती शेळी, असा भाव झाला.

परीक्षेला सहा महिने उरले होते. पाटलांनी गावाचा साठा उघडला, तर पाच बार निघाले. पाटील म्हणाले, "तीन परीक्षेला ठेव. दोन तुझे. ते कसे वापरायचे ते तू बघ, बाबा. आमची तोंडं तुझ्या नळीला बांधली आहेत."

तिकडं खालच्या गावानं तीस शेळ्या विकल्या आणि तीस बार घेतले. त्यांचा नेमबाज दर आठवड्याला एका संध्याकाळी धडाड् करी आणि पाठोपाठ आरोळी येई, "लागला!" तो आवाज डोंगरावर चढून राखणदाराच्या ताटात येऊन पडायचा. भाकरी तशीच राहायची.

"अहो, जेवा," बायको म्हणायची. "त्यांच्याकडे दारू आहे म्हणून आपली भाकरी थोडीच वाकडी झाली?"

"नेम सुटेल माझा. सराव कशानं करू?"

"बंदूक तर घरातच आहे ना? हात तुमचेच आहेत, डोळे तुमचेच आहेत. नुसता आवाजच विकत आणायचा राहिलाय!"

ती टोमणा मारून गेली, पण तो टोमणा कामाचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून राखणदार रिकामी बंदूक घेऊन खिंडीत जाऊ लागला. समोरच्या दगडावर त्यानं चुन्याचं वर्तुळ काढलं. रोज तीस वेळा बंदूक उचलायची, श्वास धरायचा, नेम घ्यायचा, चाप ओढायचा. खट् व्हायचं. मग रिवाजाप्रमाणं तो मोठ्यानं म्हणायचा, "लागला!"

धुक्यातून त्याचाच आवाज परत यायचा, "लागला... लागला..." जणू पलीकडे कुणी साक्षीदार बसलाय. तीन महिन्यांत राखणदाराचे सत्तावीसशे नेम झाले, आणि सत्तावीसशेच्या सत्तावीसशे लागले! खर्च शून्य. तो घरी शीळ घालत यायचा.

एका बाजारात एक हिंगवाला होता. भेसळीचा हिंग हातात धरून तो 'अस्सल, अस्सल' असं इतकी वर्षं ओरडला, की शेवटी घरच्या आमटीतही तोच घालू लागला, आणि बायकोला विचारू लागला, आमटीला वास का येत नाही? आपला राखणदार त्याच पेठेत जाऊन बसला होता, एवढंच.

चौथ्या महिन्यात त्यानं ठरवलं, दोनातला एक बार आता उडवून बघू. दारू भरली, गोळी ठासली, तोड्याची वात पेटवली. नेम धरला. धडाड्! "लागला!" तो ओरडला.

धूर हळूहळू वर गेला. वर्तुळ जसंच्या तसं होतं, ताज्या चुन्यासारखं शुभ्र. दगडाच्या डाव्या पायथ्याशी माती उडाली होती, आणि तिथून एक टिटवी पंख फुगवून बाहेर आली.

"अहो बंदूकवाले!" टिटवी कडाडली. "आज एक वीत इकडं आला असता, तर माझी चार अंडी गेली होती!"

त्या काळी पाखरं बोलत. राखणदाराला नवल वाटलं नाही, लाज मात्र वाटली. "बाई, नेम वर्तुळावर होता," तो म्हणाला.

"उचलता तेव्हा वर्तुळावर असतो. चाप ओढता तेव्हा तुमची नळी पाणी दिसलेल्या म्हशीसारखी डावीकडं खाली बसते, थेट माझ्या घरट्यात. तीन आठवडे अंड्यांवर बसलेय मी. रोज तीसदा मरून तीसदा जगते. आणि वर तुमचं ते 'लागला, लागला'! काय लागला? कुणाला लागला?"

"तसं म्हणायचा रिवाज आहे."

"लोकांपुढं म्हणा की! इथं धुक्यात कोण ऐकतंय? मी आणि तुम्ही. मला तर खरं ठाऊक आहे. मग फसवता कुणाला?"

राखणदार दगडावर बसला. धुकं त्याच्या गुडघ्यांवरून वाहत होतं. आपले सत्तावीसशे नेम त्याला आठवले. ते धुक्यातून एकेक करून परत येत होते आणि खाली मान घालून पुढं जात होते.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"ते मी काय सांगू? मी पाखरू. पण अंड्यावर बसले की मी स्वतःला विचारते, ऊब पोचली की नाही. पोचली नसली, तर पोचली असं म्हणून अंडं फुटत नाही."

दुसऱ्या दिवशी राखणदार दोन टोपल्या आणि ज्वारीचा एक दाणा घेऊन आला. दाणा त्यानं नळीच्या टोकावर ठेवला. चाप ओढल्यावर दाणा जागेवर राहिला, तर पांढरा खडा पहिल्या टोपलीत. दाणा पडला, तर काळा खडा दुसरीत.

पहिल्या दिवशी पांढरे दोन, काळे अठ्ठावीस.

तेव्हा त्याला एक गोष्ट उमगली. बंदूक रिकामी होती, तरी चाप ओढताना त्याचा खांदा दचकत होता. जो आवाज होणारच नव्हता, त्याला तो घाबरत होता! वर्षानुवर्षांच्या धडाक्यात आणि धुरात ती दचक कुणाला दिसली नव्हती. रिकाम्या बंदुकीनं ती उघडी पाडली.

अधूनमधून दाणा नुसता हलायचा, पडायचा नाही. पांढरा की काळा? हात आपोआप पांढऱ्याकडे जायचा. घरट्यातून टिटवी म्हणायची, "शंका आली ना? मग काळ्यात टाका." हे तिचं म्हणणं कुणाही दुकानदाराला पटेल. शंकेचं नाणं गल्ल्यात घेतलं, की तोटा आपलाच.

मग तो दरेक नेमानंतर खरं तेच मोठ्यानं बोलू लागला. "चुकला, डावीकडं." "चुकला, खाली." "लागला." "चुकला, श्वास सुटला."

बायको म्हणाली, "अहो, सकाळी सकाळी तुमचं 'चुकला, चुकला' गावापर्यंत ऐकू येतं. शेजारीण विचारत होती, घरात कुणाला बरं नाही का?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, बरं व्हायला लागलंय आता."

अंडी फुटली. पिल्लं धुक्यात तुरुतुरु पळू लागली, जणू चार सुकी पानं स्वतःच्या मर्जीनं चालताहेत. पांढऱ्या खड्यांची टोपली हळूहळू जड झाली. परीक्षेच्या आठवडाभर आधी राखणदारानं दुसरा बार उडवला आणि धूर असतानाच म्हणाला, "वर्तुळात, उजव्या कडेला." धूर निवळला. उजव्या कडेला चुना फुटला होता.

परीक्षेचा दिवस आला. राजाच्या आत्याबाई पालखीत उशीला टेकून बसल्या होत्या. सुपारी चघळत होत्या, डोळे मिटलेले. दोन्ही गावचे लोक लोटले होते.

आधी खालच्या गावचा नेमबाज पुढं झाला. तीनही बार त्यानं ऐटीत उडवले आणि तिन्ही वेळा धुरातून आरोळी आली, "लागला!" धावणारा माणूस प्रत्येक बारानंतर फळी बघून आला आणि आत्याबाईंच्या कानात सांगून गेला. दोन गोळ्या वर्तुळात होत्या, एक बाहेर. आत्याबाईंनी डोळे उघडले नाहीत.

मग राखणदार. पहिला बार. "वर्तुळात, मधोमध." माणूस बघून आला. खरं होतं. दुसरा बार. "वर्तुळात, जरा वर." तेही खरं.

तिसरा बार भरताना राखणदाराला मागं आपला गाव दिसला. पोरं बापाच्या खांद्यावर, म्हाताऱ्या बाया पदर आवळून. त्याच वेळी नेमका वारा फिरला. चाप ओढला आणि त्याच क्षणी त्याला कळलं. हे खिंडीतल्या सगळ्या काळ्या खड्यांनी शिकवलेलं कळणं होतं. खांदा दचकला होता.

धुराचा लोट उठला. एका शब्दाचं काम होतं. सगळे म्हणतात तो शब्द, आजोबा-पणजोबा म्हणत आले तो शब्द. पाटील दातांतून कुजबुजले, "म्हण की, बाबा! लागला म्हण!"

धुरात, सगळ्यांच्या नजरेआड, राखणदार क्षणभर एकटा होता. अगदी खिंडीतल्यासारखा.

"चुकला," तो म्हणाला. "डावीकडं. वर्तुळाच्या चार बोटं बाहेर."

गावातून हुंदका निघाला. कुणीतरी म्हणालं, "घालवली राखण! अशुभ बोलून तोंडानं घालवली!" खालच्या गावची पोरं शिट्या वाजवू लागली. बायको मात्र जागची हलली नाही.

माणूस फळीपाशी गेला. बोटं लावून मोजली. परत येऊन या वेळी त्यानं मोठ्यानंच सांगितलं, "डावीकडं. चार बोटं बाहेर."

आत्याबाईंनी डोळे उघडले. सुपारी गालात सारली.

"दोघांच्याही दोन-दोन लागल्या," त्या म्हणाल्या. "फळीवर तुम्ही बरोबरीत आहात. पण गेली तीस वर्षं मी या खिंडीत 'लागला' ऐकते आहे. इतकं ऐकलं, की ऐकताना झोप लागू लागली. आज पहिल्यांदा कुणीतरी मला जागं केलं."

खालच्या गावचा नेमबाज म्हणाला, "आत्याबाईसाहेब, तो स्वतःच म्हणतो की चुकला!"

"म्हणूनच, लेकरा. तुझी कोणती गोळी बाहेर गेली, सांग बघू?"

त्यानं फळीकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं. तीस शेळ्यांची दारू उडवूनही त्याला ते ठाऊक नव्हतं.

"धुक्यात गोळी कुठं गेली, हे बघायला खिंडीत मी नसते," आत्याबाई म्हणाल्या. "वाट मोकळी झाली असं राखणदारानं म्हटलं, की त्या शब्दावर तांड्यातली माणसं पाऊल टाकतात. लहान पोरं असतात त्यांच्यात. ज्याला आपली चूक धुरातही दिसते, राखण त्याच्याकडेच राहील."

तर मंडळी, वरच्या गावाच्या चुली पेटत्या राहिल्या. दाण्याची युक्ती खालच्या गावापर्यंत पोचली, आणि आठ दिवसांनी त्यांचा नेमबाज डोंगर चढून आला. हातात बंदूक होती, आणि मुठीत ज्वारीचा एक दाणा. राखणदारानं त्याला बसायला घोंगडी दिली. त्या वर्षापासून सकाळच्या धुक्यात खिंडीतून दोन आवाज ऐकू येऊ लागले, "चुकला... चुकला... लागला..." आणि जाणारे तांडे ते ऐकत निर्धास्त चालू लागले.

बोध एवढाच: दारू संपल्यानं सराव थांबत नाही, स्वतःशी खोटं बोलल्यानं थांबतो.

तुमच्या हातात बंदूक नसेल. सुई असेल, करवत असेल, तंबोरा असेल, नाहीतर नुसती पाटी. बघणारं कुणी नसेल, तेव्हा दोन टोपल्या जवळ ठेवा, आणि कृपा करून, हिशेब खरा ठेवा.