नखभर कोशिंबीर

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, जनावरं गरजेपुरतं बोलत असत तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक भरलं घर होतं. घरात घरधनी, त्याची लहानगी मुलगी आणि घर सांभाळायला आलेली त्याची थोरली बहीण. मुलीची आई नुकतीच वारली होती.

त्या घराला आपल्या पंगतीचा मोठा अभिमान. पानात उजवीकडे भाजी, आमटी, पोळी, हवं तेवढं वाढायचं. डावीकडची कोशिंबीर मात्र नखभर. ती दुसऱ्यांदा कुणी मागत नसे. पाल्यावर पोट भरणं हे दरिद्री घरचं लक्षण, असं सगळे मानत. काकडीची सालं, मुळ्याचा पाला, गाजराची टोकं परसातल्या शेळीच्या टोपलीत जात.

आई गेल्यावर मुलगी वाळत चालली. पोळीचा घास तोंडात फिरे, तूपभाताने मळमळे, पोट साफ होत नसे. आत्याबाईंनी बासुंदी केली, शिरा केला, मांडीवर घेऊन भरवलं. वैद्य म्हणाले, दुःखाला औषध नाही, दिवस जाऊ द्या. घरधन्यालाही तेच वाटलं. त्याच्याही घशाखाली अन्न उतरत नव्हतं.

एकदा पंगतीत मुलीने हळूच कोशिंबिरीकडे बोट दाखवलं. आत्याबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"बाळे, डावीकडचं मागत नाहीत. लोक म्हणतील, आई गेली आणि पोरीला पालापाचोळ्यावर ठेवली."

मुलीने बोट मुठीत घेतलं.

पुढे एका दुपारी घरी पाहुणे आले. पानं मांडली आणि मुलगी कुठे दिसेना. विहिरीत डोकावून झालं. हाका मारून घरधन्याचा आवाज बसला. शेवटी तो परसात गेला आणि दारातच थिजला.

मुलगी टोपलीशी गुडघे टेकून बसली होती. एका बाजूने शेळी खात होती, दुसऱ्या बाजूने ती. हनुवटीला काकडीचं बी चिकटलेलं. बापाला पाहताच तिने हातातला मातकट पाला पाठीमागे लपवला.

मागोमाग पाहुणे आले. त्यांच्यामागून आत्याबाई आल्या. काय करावं ते न सुचून घरधन्याने शेळीवर काठी उगारली.

शेळी चघळता चघळता म्हणाली, "मला कशाला मारता? ती माझ्या वाट्याचं खात नाही. मीच इतके दिवस तिच्या वाट्याचं खातेय."

काठी त्याच्या हातातून गळाली. तो मातीतच बसला. आई असताना तू हे कधी कसं मागितलं नाहीस, असं त्याने मुलीला विचारलं.

"मागावं लागायचं नाही," मुलगी म्हणाली. "आई विळीवर बसली की चिरता चिरता माझ्या हातावर ठेवायची."

इतकी वर्षं एका घरात राहून त्याला हे ठाऊक नव्हतं.

त्याने तिचे हात धुतले आणि तो स्वतः विळीवर बसला. काकडी सालासकट चिरली, मुळा कोवळ्या पाल्यासकट. पोटाला आधार म्हणून मोड आलेले मूग घातले, दाण्याचं कूट, दही, वर हिंगाची फोडणी. तो मिठाला हात घालणार, तोच आत्याबाई पुढे आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ता नको, पाणी सुटेल. वाढताना घाल."

पंगत बसली. घरधन्याने डावीकडची कोशिंबीर संपवली आणि सगळ्यांदेखत पुन्हा मागितली. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. आत्याबाईंनी वाटीभर वाढली. मग मुलीनेही मागितली.

हळूहळू तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आईची आठवण काही गेली नाही. ती जायचीही नव्हती. घरधन्याच्या डोळ्यांसमोरून मात्र ती टोपली जन्मभर हलली नाही. त्याच्या घरी पुन्हा कोशिंबीर नखभर वाढली गेली नाही, आणि पाहता पाहता गावातही लोक ती वाटीने वाढू लागले.

तात्पर्य: जिथे साधं, गुणाचं अन्न मागायची लाज वाटते, तिथे भरल्या पानावरही लेकरू उपाशी राहतं.