तळघरातलं पाणी

शहराच्या कडेचं अर्धं तळं बुजवून मकरंदशेठनं टोलेजंग इमारत उठवली आणि खाली गाड्यांसाठी प्रशस्त तळघर केलं. एका पावसात ते तळघर छतापर्यंत भरलं. आत झोपलेला राखणदार बुडून मेला.

उरलेल्या तळ्यातही शेठला भराव टाकायचा होता. लोक आडवे आले, तेव्हा त्यानं सभा बोलावली. राखणदाराची बायको हौसाबाई मागे भिंतीला टेकून बसली. नवऱ्याच्या चिखलानं भरलेल्या मुठी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"सारखं तळ्याचं नाव घेता!" शेठ गरजला. "इमारतीखालचं तळं मी केव्हाच गाडलंय. मग माझ्या तळघरात पाणी शिरलं ते कुणाच्या परवानगीनं? सांगा! पटलं, तर उरलेलं तळं सोडून देतो."

हौसाबाई उठली.

"शेठ, तळघर हे नाव तुम्हीच दिलंत ना? तळघर म्हणजे तळ्याचं घर. स्वतःच्या घरात शिरायला तळ्याला कुणाची परवानगी लागते?"

सभेत हशा पिकला. शब्द चारचौघांत दिलेला, शेठ दात आवळून म्हणाला, "पटलं. सोडलं तळं."

हौसाबाई खाली बसली नाही.

"त्या घरात परका होता तो माझा माणूस," ती म्हणाली. "त्याला तिथं निजायला तुम्ही सांगितलं होतंत."

मग कुणीच हसलं नाही.