कानामागचा थेंब

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. त्याच्या राज्यात खाडीच्या मुखाशी एक बंदर होतं आणि त्या बंदरात केसांची विद्या शिकवणारी एक शाळा होती.

शाळा चालवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं बाई म्हणत. तिथे येणाऱ्या मुलींना वाटायचं, पहिल्याच दिवशी मेंदी कालवायला मिळेल. हाती यायचा फक्त कंगवा. आधी गुंता सोडवायला शिकायचं, तेही टोकाकडून मुळाकडे जात. मग शिकेकाई आणि रिठा, कुणाच्या केसांना किती. मग तेल. कुणाचे केस पाणी पितात आणि कुणाच्या केसांवरून ते नुसतं ओघळून जातं, हे बोटांना कळू लागेपर्यंत बाई रंगाच्या खोलीचं दार उघडत नसत.

कुमुदा त्या शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी. लोखंडी कढईत भिजलेल्या मेंदीचा वास घेऊन ती सांगायची, आज रंग तांबूस येणार की विटकरी. पांढरा केस रंग उशिरा धरतो, टोकं मुळांपेक्षा जास्त पितात, हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शिवाय ती मायाळू होती. कुणी डोळ्यांत पाणी आणून काही मागितलं, तर तिच्या तोंडून नाही निघत नसे.

बाईंची एक रीत मात्र सगळ्याच मुलींना कंटाळवाणी वाटे. रंग कोणताही असो, ज्याच्या डोक्याला लावायचा त्याच्या कानामागे आधी एक थेंब लावायचा आणि त्याला घरी पाठवायचं. दुसऱ्या दिवशी ती जागा बघायची. लाल झाली नसेल, खाजली नसेल, तरच पुढचं काम.

"गिऱ्हाईक चिडतं, बाई," मुली म्हणायच्या.

"चिडू दे," बाई म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

एकदा राजवाड्यात लग्न निघालं आणि बाईंना बोलावणं आलं. जाताना त्यांनी शाळा कुमुदावर सोपवली.

बाई गेल्या आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी अंबूमावशी शाळेच्या पायऱ्या चढून आली. बंदरावर जाळी विणणारी ही विधवा बाई. तिचा एकुलता मुलगा हरबा ओठांवर मिसरूड फुटायच्या आधी राजाच्या गलबतावर खलाशी म्हणून गेला होता, तो अजून परतला नव्हता. इतकी वर्षं ती रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"पोरी, माझे केस काळे करून दे," ती धापा टाकत म्हणाली. "उद्या सकाळच्या भरतीला हरबाचं गलबत लागतंय. पाणी भरणार आणि ओहोटीबरोबर लगेच निघणार. एकच दिवस आहे माझ्या हातात. तो गेला तेव्हा माझा एक केस पांढरा नव्हता गं. आता हे असं डोकं घेऊन समोर गेले तर त्याला वाटेल, आपली आई कुठे गेली आणि ही कोण म्हातारी उभी आहे!"

कुमुदानं तिचे केस हातात घेतले. विरळ होते, कोरडे होते आणि कापसासारखे पांढरे होते. मेंदी आणि तिच्यावर निळीचा पाला चढवायचा तर उद्याची दुपार झाली असती. एवढ्या वेळात काळा होणारा रंग शाळेत एकच होता. त्यात बिब्ब्याचं तेल असे. बिब्बा बहुतेकांना काही करत नाही, पण ज्याला उततो त्याचं अंग सुजून फोड येतात. म्हणून तो रंग बाई क्वचितच काढत आणि कानामागे थेंब लावल्याशिवाय तर कधीच नाही.

"मावशी, आधी एक थेंब लावून बघावा लागतो. तुम्हाला उद्या यावं लागेल."

"उद्या काय करू रंग घेऊन?" अंबूमावशीचे डोळे भरून आले. "उद्या तो येऊन गेलेला असेल."

कुमुदा घुटमळली. बाईंची रीत तिला मोडायची नव्हती आणि मावशीला परतही पाठवायचं नव्हतं. मग तिला एक वाट सुचली. तिनं रंगाचा थेंब स्वतःच्या कानामागे लावला. एक थेंब कमी वाटला म्हणून मनगटावरही लावला. दोन्ही जागी आग होते का, खाज सुटते का, याची ती वाट बघत बसली. काहीही झालं नाही. मनगट निवांत होतं, कानही निवांत होता.

"बघा मावशी, मला काही झालं नाही," ती आनंदानं म्हणाली. "बसा."

दिवेलागणीपर्यंत काम झालं. रंग असा चढला, की बाईंनीही मान डोलावली असती. अंबूमावशीनं पितळी ताटात आपलं डोकं पाहिलं आणि एखाद्या नव्या नवरीसारखी लाजली. जाता जाता तिनं कुमुदाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी गलबत धक्क्याला लागलं, तेव्हा कुमुदाही बघायला गेली. मावशी कुठेच दिसली नाही. ती धावत मावशीच्या खोपटात पोचली.

अंबूमावशी भिंतीला टेकून बसली होती. कपाळ सुजून पुढे आलं होतं, कानांवर पाणी भरलेले फोड होते आणि डोळ्यांच्या जागी दोन फुगलेल्या रेघा उरल्या होत्या.

"कोण आहे? कुमुदा का?" ती म्हणाली. "पोरी, पहाटेपासून माझे डोळे उघडत नाहीत गं."

कुमुदानं तिचं डोकं पुन्हा पुन्हा थंड पाण्यानं धुतलं. ओलं खोबरं वाटून त्याचा लेप लावला. शेवटी ती म्हणाली, "मावशी, त्या रंगात बिब्बा होता."

"बिब्बा?" मावशी दचकली. "अगं, लहानपणी पायात काटा मोडला होता, तेव्हा आईनं बिब्ब्याचा चटका दिला होता. पाय हा एवढा झाला होता. मला काय ठाऊक, रंगात बिब्बा घालतात! विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तेवढ्यात दाराशी सावली पडली. रापलेला, दाढी वाढलेला एक उंच माणूस वाकून आत आला. आई धक्क्यावर न दिसल्यानं तो घर शोधत आला होता. लेपानं माखलेल्या त्या चेहऱ्याकडे तो क्षणभर नुसता बघत राहिला.

"आई?"

"हरबा!" म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. "आवाज केवढा जाड झालाय रे तुझा. ये, जवळ ये. मला दिसत नाही."

तो तिच्यापुढे बसला. तिनं त्याचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, दाढीत बोटं घातली. हनुवटीवर एक व्रण लागला, तो कशाचा ते विचारलं. त्यानं सांगितलं. मग ती आपल्या पापण्या बोटांनी वर उचलू बघायला लागली, तेव्हा त्यानं तिचे हात धरून ठेवले.

कुमुदा कोपऱ्यात उभी होती. "माझी चूक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला ओळखू यावं म्हणून त्यांना काळे केस हवे होते. मी केले."

हरबा तिच्यावर रागावला नाही. रागावायला त्याच्याकडे वेळच कमी होता. त्यानं आईला आपल्या हातानं पेज भरवली, समुद्रापलीकडच्या बेटांच्या गोष्टी सांगितल्या. ऊन कललं, खाडीचं पाणी उतरू लागलं आणि धक्क्यावरून शिंग वाजलं. तो आईच्या पायांवर डोकं ठेवून उठला आणि मागे न बघता गेला.

सूज उतरायला बरेच दिवस लागले. कुमुदा रोज येत होती, खोबऱ्याचा लेप लावत होती. अंबूमावशीचे डोळे पहिल्यांदा नीट उघडले, तेव्हा समोर तीच होती.

"तू पाहिलंस ना त्याला?" मावशीनं विचारलं. "सांग मला, कसा दिसतो?"

केसांची विद्या शिकणारी मुलगी ती. तिच्या लक्षात जे राहिलं होतं, ते तिनं सांगितलं. "केस दाट आहेत. खाऱ्या वाऱ्यानं टोकं फुटलीत. आणि कानशिलांवर पांढरे झालेत, मावशी. दाढीतही बरेच पांढरे आहेत."

"पांढरे? माझ्या हरबाचे?"

"हो."

म्हातारीनं आपल्या केसांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आम्ही दोघं सारखेच दिसलो असतो की गं."

बाई राजवाड्यातून परतल्या, तेव्हा कुमुदानं त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं. थेंब स्वतःला लावला होता, हेही सांगितलं.

"रंग चांगला चढला होता?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"मग रंग तुला आला. ज्याला तो लावायचा, ते डोकं अजून यायचंय. जा, कंगवा घे."

कुमुदानं मुकाट्यानं कंगवा घेतला आणि नव्या मुलींच्या ओळीत शेवटी जाऊन बसली. पुन्हा गुंता सोडवण्यापासून तिनं सुरुवात केली. या खेपेला मात्र ती कंगवा चालवता चालवता समोरच्या बाईला विचारायची, काय खाता, झोप लागते का, कधी कशानं अंगाला खाज सुटली होती का. ऐकायला वेळ लागायचा, पण ती ऐकायची.

पुढे ती शाळा तिच्याकडेच आली. कुणी कितीही घाईत असो, कितीही रडो, कानामागे थेंब लावून तो दिवस गेल्याशिवाय तिनं कुणाच्या डोक्याला रंग लावला नाही. काही बायका रागानं पायऱ्या उतरून गेल्या, काही पुन्हा फिरकल्या नाहीत. तिनं त्यांना जाऊ दिलं.

ही गोष्ट ऐकणारी मुलं विचारतात, हरबा पुन्हा आला का? आलाही असेल, गलबतं येतात आणि जातात. पण अंबूमावशीनं ज्या दिवसासाठी डोळ्यांत प्राण आणले होते, तो दिवस परत आला नाही.

म्हणून, दुसऱ्याचं भलं करायला निघालेल्यानं स्वतःला काय सोसलं ते पाहून न थांबता, त्या दुसऱ्याला काय सोसेल ते त्यालाच विचारावं.