पन्नास वर्षांची फ्रेम

खाऱ्या वाऱ्याने दोन सायकली गंजून गेल्या, तेव्हा आमच्या शेजारच्या हेमांगीने टायटॅनियमची रोड बाईक, म्हणजे रस्त्यावर वेगाने पळणारी हलकी सायकल, घ्यायचं ठरवलं. शाळेत शिकवायला रोज अठरा किलोमीटर जायचं आणि पैसे मात्र बेताचे. न बोलावता मीही तिच्याबरोबर कोल्हापूरला गेले. चौथ्या दुकानात शिरेपर्यंत आम्ही दोघी पार गळून गेलो होतो.

मालक ऐटीत म्हणाले, "ही फ्रेम गंजत नाही, झिजत नाही. पन्नास वर्षं अश्शीच राहील, बाई!" किंमत ऐकून मी खालीच बसले.

हेमांगीने वर टांगलेल्या, निम्म्या किमतीच्या जुन्या सायकलीकडे बोट केलं. "तीही टायटॅनियमचीच ना?"

मालक हसले. "हो, पण दहा वर्षं वापरलेली. तिच्यात आता काय राहिलंय?"

"चाळीस वर्षं," हेमांगी दमलेल्या आवाजात म्हणाली. "काढा खाली."