ज्याच्याकडे बोट दाखवता येत नसे

फार पूर्वी जादूच्या पत्त्यांच्या खेळात वज्रनख नावाचा म्हातारा ड्रॅगन होता. जवळपास प्रत्येक मंत्राला आधी बोट दाखवून एकाला निवडावं लागे, पण वज्रनखाकडे बोट दाखवायला मनाई होती. "आमच्याकडे बोट? हिंमत आहे कुणाची!" असं तो लहान पत्त्यांना सारखा ऐकवी.

एका डावात मंत्र नसलेल्या साध्या भाल्यांनी तो घायाळ झाला. त्याने जखमा बऱ्या करणाऱ्या फुंकर नावाच्या लहान पत्त्याला हाक मारली, "फुंकर, पोरी, मला बरं कर!"

"कशी करू, आजोबा? बरं करायलाही बोट दाखवावं लागतं!" फुंकर रडत ओरडली.

तेवढ्यात पहाटेचा पत्ता पडला. पहाटेने कुणालाच निवडलं नाही. ती सगळ्यांवर उजाडली. वज्रनखाची जखम मिटली. तो थक्क होऊन पाहत राहिला. शेजारच्या उंदराच्या पत्त्यावरही तेवढाच उजेड होता.